रईस शलबी यांचा निर्मळ नमुना

२६ फेब्रुवारी, बुधवार
कंबर: ठीक. हवा: ठीक. गोळ्या: दोन. एक औषध म्हणून, एक खबरदारी म्हणून.

आज सकाळच्या फेरीला लाँच धक्क्याला जरा जोरात टेकली. टेकली म्हणजे बायका ओरडल्या आणि एका आजीबाईंची कोथिंबिरीची टोपली नाईलमध्ये गेली. बाकी काही नाही. कारण उघड आहे. या दिवसांत पाणी उतरतं, पाणी उतरलं की धक्का पुढे आल्यासारखा होतो. अठरा वर्षं रईस, म्हणजे लाँचचा कप्तान, म्हणून नाईलच्या या फाट्यावर कफ्र शाहीन ते मिनयत बद्र लाँच नेतोय, मला धक्क्याचा स्वभाव माहीत आहे.

इंजिनवरचा फतहल्ला वर आला आणि हळूच म्हणाला की रईस, तुमचे डोळे मिटले होते. मी सांगितलं की ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून बारीक केले होते. तो म्हणाला ऊन पाठीमागे होतं. तळाशी बसणाऱ्या माणसाला ऊन कुठे आहे हे कसं कळतं, हा मला प्रश्नच आहे.

तरी माणसाने स्वतःकडे कडक नजरेने बघावं. शनिवारी रमजान लागतोय. त्या दिवसापासून ट्रामाडॉल, म्हणजे कंबरेची गोळी, पूर्ण बंद. नुसता निश्चय नाही, लिहून ठेवतोय. हाताशी अजून दीड पट्टी आहे, ती शुक्रवारपर्यंत संपवावी लागेल. औषध वाया घालवणं बरं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
गोळ्या: चार (साठा संपवण्याचं काम चालू).

पंक्चरवाल्या दुसूकीकडे गेलो होतो. ट्रामाडॉलची लाल गोळी, जिला सगळे स्ट्रॉबेरी म्हणतात, ती त्याच्याकडे ट्यूबच्या डब्यात असते. औषधाच्या दुकानातला माणूस नवी चिठ्ठी आणा म्हणतो. माझ्याकडे चिठ्ठी आहे. सहा वर्षांपूर्वी मणक्यातली चकती सरकली तेव्हा खुद्द डॉक्टरांनी लिहून दिलेली, रोज दोन, दहा दिवस. मी ती प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली आहे, म्हणजे फाटायला नको. मी चोरून काही घेत नाही. मी रुग्ण आहे, फक्त दुकानदार हट्टी आहे.

दुसूकीचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, प्रांताच्या कचेरीतून नशेच्या तपासणीची कमिटी फिरतेय. बस झाल्या, ट्रक झाले, आता लाँचवाले. न सांगता येतात, हातात लघवीसाठी कप देतात, दहा मिनिटांत निकाल. सापडला तो घरी. धंद्याचं वाटोळं होणार म्हणत होता बिचारा.

पण त्यानेच धीर दिला. त्यांची अफू शोधणारी पट्टी ट्रामाडॉलला ओळखत नाही. अफू रानातून येते, ट्रामाडॉल कारखान्यातून. दोघांची नातीगोती नाहीत. पट्टी अफूच्या गोतावळ्याला शोधत बसते आणि आपली गोळी समोरून निघून जाते. विज्ञान समजलं की माणसाचं मन शांत होतं. परत येताना मी लाँच धक्क्याला अशी लावली की पाणीसुद्धा हललं नाही. (फतहल्लाचं मत वेगळं आहे.)

संध्याकाळी हे शास्त्र मी फतहल्लाला समजावलं, कारण तोही स्ट्रॉबेरीवाला आहे. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, त्याचा चुलतभाऊ जिल्ह्याच्या गावी शाळेची बस चालवतो. त्याने पाहिलंय. आता कार्डावर सहा खिडक्या असतात, आणि सहावी खास ट्रामाडॉलची आहे. खिडकीत दोन रेघा आल्या की माणूस सुटला, एकच आली की सापडला.

मी आजवर उलटं समजत होतो. किरकोळ बाब आहे.

फतहल्लाने आणखी एक सांगितलं. एक सरकारी फोन नंबर आहे. कमिटी यायच्या आत जो आपणहून फोन करेल त्याचं नाव बाहेर जात नाही, उपचार फुकट आणि नोकरी शाबूत. मी म्हटलं, तो नंबर व्यसनी लोकांसाठी असतो. फतहल्ला म्हणाला, "हो." आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मला त्याची फार दया आली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
गोळ्या: उरलेल्या सगळ्या. साठा संपला. शब्द पाळला.

रात्री डोक्यात योजना आली. नमुना माझाच असावा असं कुठे लिहिलंय? (तसं लिहिलेलं असेल, पण कपावर तर लिहिलेलं नसतं.) गावात निर्मळ माणूस शोधायचा, त्याच्याकडून छोटी बाटली घ्यायची, वेळ आली की कपात ओतायची.

यादी केली:
धाकटा भाऊ: हशीश. बाद.
न्हावी: बाद. त्याच्या हाताकडे बघूनच कळतं.
अरबी शिकवणारे मास्तर: हिवाळ्यापासून खोकल्याचं औषध बाटलीने पितात. त्या औषधात अफूची भाचरंडं असतात हे मला परवाच कळलं. बाद.
दुसूकी: विचारसुद्धा नको.
मशिदीतले बांग देणारे शेख बदावी: शंभर टक्के निर्मळ.

जुम्म्याची नमाज झाल्यावर शेखसाहेबांजवळ बसलो. तब्येतीची चौकशी केली. म्हणाले, साखरेमुळे दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं. मला मनातून आनंद झाला, माल भरपूर होता. पण विषय काढायचा कसा? पाऊण तास मूत्रपिंडांवर बोललो. शेवटी त्यांना वाटलं मलाच काही असाध्य झालंय. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी माझ्यासाठी दुआ केली आणि मूठभर खजूर दिले. बाटली खिशातच राहिली.

घरी येताना फतहल्ला भेटला. त्याच्याकडून कळलं की कमिटीचा माणूस संडासाच्या दारात उभा राहतो आणि कप कोमट आहे का हेही हाताने बघतो. तत्त्वाचा प्रश्न म्हणून योजना रद्द केली. शेखसाहेबांसारख्या माणसाला यात ओढणं मला पटलं नसतंच.

१ मार्च, शनिवार. पहिला रोजा
आज अक्कल उघडली. मी उगाच बाटल्या घेऊन फिरत होतो. रमजान कशासाठी असतो? शरीर स्वच्छ व्हायला. तीस दिवस पोट, रक्त, सगळं धुऊन निघतं. कमिटी नेमकी रमजानमध्ये येणार म्हणजे माझ्यासाठीच येणार म्हणायचं.

पूर्ण बंद करण्याची घाई आता राहिली नाही. एकदम बंद केलं की शरीर गोंधळतं. नवं वेळापत्रक:
दिवसा: शून्य.
इफ्तारनंतर: एक. (रात्रीची तरावीहची नमाज लांबते, कंबरेला आधार हवा.)
पहाटे सहरीला: एक. (रोजा नीट पार पडावा म्हणून.)

आधी दोन होत्या, आताही दोनच आहेत, पण मध्ये तेरा तासांचा उपवास आला. याला प्रगती म्हणतात. दुसूकीकडून एक पट्टी आणली.

इन्साफला हे सगळं सांगितलं नाही. बायकोला औषधातलं काय कळणार? ती रमजानच्या गोड कतायेफमध्ये सारण भरत होती. भरता भरता तिने विचारलं की फतहल्ला कुठला तरी नंबर सांगत होता तो तुम्ही घेतलात का. तिला कसं कळलं? फतहल्लाची बायको. या गावातल्या बायकांपुढे कार्डाच्या सहा खिडक्या काहीच नाहीत. मी तिला मणक्याची रचना समजावून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि तेल तापत ठेवलं.

४ मार्च, मंगळवार. दुपारचे तीन
इफ्तारला अजून तीन तास. जांभया. घाम. नाक वाहतंय, डोळे वाहतायत. चिडचिड अजिबात नाही, फक्त प्रत्येक उतारू मूर्ख वाटतोय.

दोनच्या फेरीला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सुकाणूवर डोळे पुसताना पाहिलं. त्यांना वाटलं मी रमजानच्या भक्तीने रडतोय. त्यांनी माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि आपल्या मुलाला म्हणाले, बघ, याला म्हणतात रोजेदार. मी डोळे आणखी एकदा पुसले. लोकांच्या श्रद्धेला धक्का लावू नये.

रात्री: इफ्तारच्या तोफेनंतर पहिला घास खजुराचा नव्हता, हे इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोणी वाचत नाही.

५ मार्च, बुधवार
फतहल्लाने त्या सरकारी नंबरवर फोन केला. मला डेकवरच सांगितलं, उतारूंची चढउतार चालू असताना, जसं काही मुलगा पास झाल्याचं सांगतोय.

"आता मी पेशंट आहे, रईस. कागदावर. सोमवारी आणि गुरुवारी पलीकडच्या हॉस्पिटलात जायचं."

मी त्याचं अभिनंदन केलं. टोमणा होता, पण त्याला कळला नाही, तो चक्क थँक्यू म्हणाला. मग खिशातून कागद काढला. "तुमच्यासाठी पण नंबर लिहून आणलाय."

मी कागद घेतला तो त्याचं मन मोडू नये म्हणून. घरी इन्साफने धुवायला कपडे घेताना तो काढला आणि इफ्तारला माझ्या ताटलीखाली ठेवला, अर्धा बाहेर दिसेल असा. मी त्यावरच तेलातलं फूल, म्हणजे घेवड्याची उसळ, आणि लोणचं खाल्लं. आकड्यांवर तेल सांडलं. आता शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत, त्यामुळे इच्छा असती तरी फोन करता आला नसता.

७ मार्च, शुक्रवार
दुसूकीचा सल्ला: व्हिनेगर आणि लिंबू, रिकाम्या पोटी, एक पेला. आतड्यापासून सगळं खरवडून निघतं.

इफ्तारला घेतलं. खरवडून निघालं. तरावीह हुकली. पोटात कळा इतक्या की रोजच्या गोळीवर एक जादा घ्यावी लागली. शुद्धीकरणासाठी घेतल्यामुळे ती मोजलेली नाही.

पाण्याचाही विचार केला होता. चार-पाच बाटल्या प्यायच्या आणि जायचं. पण फतहल्ला म्हणाला, पाण्यासारखा पांढरा नमुना ते टाकून देतात, संशयाने बघतात आणि दुसरा समोर उभं राहून घेतात. म्हणजे पाणी घातक. हे बरं कळलं. आजपासून पाण्यापासून सावध राहायचं.

९ मार्च, रविवार
पक्की बातमी. कमिटी येत्या गुरुवारी, तेरा तारखेला, अचानक येणार आहे. दुसूकीने दिवस सांगितला. वेळ सकाळी नऊ.

तो म्हणाला, थोडं घेणाऱ्याला अंग साफ व्हायला तीन दिवस पुरतात. मी थोडं घेणाराच आहे. रोज दोन. काही दिवशी तीन. सणावाराला, डोकं दुखलं तर किंवा फतहल्लाने भांडण उकरलं तर चार. सरासरी काढली तर काहीच नाही.

उद्यापासून बंद. हा निश्चय आधीच्या निश्चयांसारखा नाही. शेवटची गोळी सहरीला घेऊन टाकेन. पट्टीतल्या उरलेल्या तीन नाईलमध्ये फेकल्या. खरोखर फेकल्या. फेकल्यावर पाण्याकडे जरा वेळ बघत राहिलो.

१० मार्च, सोमवार
सकाळी अकरापर्यंत उत्तम. इच्छाशक्ती असली की काही कठीण नाही.

दुपारी बारा: इच्छाशक्ती आहे. पाय मात्र स्वतःहून हलतायत.

चार: घरी आलो. इन्फ्लुएन्झाची रजा लिहून पाठवली.

११ मार्च, मंगळवार
हाडं.

शिंका एकतीस. नंतर मोजल्या नाहीत.

थंडी. मग गरमी. मग दोन्ही. रोजा मोडावा लागला. इन्साफने मसुराचं सूप भरवलं. पाय चेपले. गोधडी घातली, काढली, घातली. एकदाच म्हणाली की हे तुम्हाला एकट्याने करायची गरज नाही, यासाठी लोक बसलेत तिकडे. मी म्हटलं हा इन्फ्लुएन्झा आहे. तिने बरं म्हटलं आणि पुन्हा पाय चेपायला लागली.

दुपारी चार वाजता दुसूकीला शिव्या घातल्या. सहा वाजता त्याच्याकडे कोणाला पाठवता येईल याचा विचार केला. कोणी नव्हतं.

१२ मार्च, बुधवार
आज बरं. बशी धरता येते. रोजा धरला.

हे मान्य करायला हवं की मी एक मोठं काम केलं. उद्या सहावी खिडकीसुद्धा मला सलाम करेल. आता फक्त हुशारीने वेळ निवडायची. सहरीनंतर माणसाच्या पोटात अन्न असतं, पाणी असतं, कालचा सगळा कचरा असतो. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या आधी मात्र रोजेदार रिकामा आणि निर्मळ असतो. तेव्हा नमुना द्यायचा शेवटी, तोफेच्या आधी. कमिटीच्या लोकांना हे सुचत नाही, कारण ते पुस्तकं वाचतात, विचार करत नाहीत.

नमुना पांढरा पडायला नको म्हणून सहरीला पाणी एक घोटही घ्यायचं नाही. खारवलेलं चीज घेईन.

१३ मार्च, गुरुवार
सगळं सविस्तर लिहितोय, म्हणजे पुढे चौकशीत उपयोगी पडेल.

सकाळी नऊला कमिटी आली. डॉक्टर शहीरा नावाच्या बाई, जाड चष्मा, दोन माणसं, बर्फाची पेटी. दोन्ही काठांचे मिळून तीस कर्मचारी. आधी प्रत्येकाला फॉर्म दिला: सध्या कोणती औषधं घेता? मी ठळक अक्षरांत लिहिलं, काही नाही. सही केली. प्लॅस्टिकमधली चिठ्ठी खिशात होती, अडचण आलीच तर असावी म्हणून.

फतहल्ला पहिला गेला. त्याने आपला पेशंटचा कागद दाखवला, बाईंनी वहीत नोंद केली, नमुना घेतला, तो इंजिनवर परत गेला. संपलं. मला वाटलं याला आता पेढेच वाटायला सांगावं.

मग माझं नाव. मी पुढे होऊन शांतपणे सांगितलं की डॉक्टर, मी मगरिबच्या आधी देईन, तेव्हा रोजेदार सर्वांत निर्मळ असतो. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, आम्ही दिवसभर इथेच आहोत, पण तोवर आमच्या माणसाच्या नजरेसमोर बसायचं, धक्का सोडायचा नाही. मग जरा थांबून म्हणाल्या की आत्ताच दिलात तर तुमच्यासाठी बरं. मी विचारलं का. म्हणाल्या, "आत्ता सोपं जातं."

यातला डाव मी लगेच ओळखला.

सव्वानऊ ते पावणेपाच धक्क्यावर उन्हात बसलो. जीभ टाळ्याला चिकटली होती. एकेक जण येऊन, देऊन, जात होता. दोर बांधणाऱ्याचंही झालं, तिकीटवाल्याचंही झालं. मी सगळ्यांकडे जरा कौतुकाने बघत होतो, सकाळच्या कचऱ्यासकट देऊन बसले बिचारे.

पावणेपाचला दिला. जेमतेम दोन बोटं. रंग तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा. दारातल्या माणसाने कप उजेडात धरला आणि सोबत्याकडे पाहिलं.

पहिल्या पाच खिडक्यांत दोन-दोन रेघा. सहावीत एक. मी वाट बघितली. बाईंनी घड्याळ बघितलं. दुसरी रेघ आली नाही.

मी म्हणालो, कार्ड खराब आहे. त्यांनी दुसरं कार्ड काढलं. तिथेही एकच.

तेव्हा बाई जे म्हणाल्या ते शब्दशः लिहितो. "रईस, रोज्यात पाणी नसतं. पाणी नसलं की आत जे काही उरलेलं असतं ते दाट होऊन येतं. सकाळी दिला असतात तर कदाचित फिकट का होईना, दुसरी रेघ उमटली असती. फिकट रेघ आम्ही सुटका धरतो."

मी चिठ्ठी काढली. त्यांनी प्लॅस्टिक पुसून वाचली. म्हणाल्या ही दहा दिवसांची आहे. मी म्हटलं, मी ते दहा दिवस पुरवून पुरवून वापरले. त्यांनी तारीख वाचली. सहा वर्षं. मग माझा फॉर्म चिठ्ठीशेजारी ठेवला. एका कागदावर दोन गोळ्या रोज, दुसऱ्यावर काही नाही. दोन्हींवर माझंच नाव.

बाईंनी आवाज खाली केला. "नंबरवर फोन केला होतात?"

नाही.

"काल रात्री केला असता तरी तुम्ही आज पेशंट असता. आता मला तुमचं नाव दुसऱ्या वहीत लिहावं लागतंय."

त्यांना ते लिहिताना बरं वाटत नव्हतं, हे मला दिसलं. मला राग येऊ शकला असता तर बरं झालं असतं.

तोफ झाली तेव्हा मी धक्क्यावरच उभा होतो. फतहल्लाने खजूर आणि पाण्याचा पेला आणून हातात दिला. मी तो एका घोटात प्यायलो, आणि दुसरा, आणि तिसरा. सुकाणू कुणाच्या तरी हातात गेलं होतं.

१६ मार्च, रविवार
नोकरीवरून तात्पुरतं दूर. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेलाय, तिथे यंत्र तपासतं. माझा यंत्रावर विश्वास आहे. यंत्राला चष्मा नसतो.

प्रांताच्या कचेरीला अर्ज लिहायला घेतला. मुद्दे: एक, नमुना साडेसात तास उन्हात राहिला. (तो तेव्हा माझ्या आत होता, पण मीही उन्हात होतो.) दोन, सहा खिडक्या हा अतिरेक आहे, पूर्वी एक असायची. तीन, अठरा वर्षांत एकही माणूस बुडाला नाही.

तिसऱ्या मुद्द्याशी थांबलो. कोथिंबिरीवाल्या आजीबाईंना पोहता येत नसणार. टोपलीऐवजी त्या गेल्या असत्या तर? अर्ज अर्धा ठेवला, उद्या पूर्ण करेन.

१९ मार्च, बुधवार
दुसूकीकडे गेलो होतो. फक्त चाकात हवा भरायला.

(माझ्याकडे चाक नाही.)

एकच घेतली. शरीराला धक्का बसलाय, त्याला एकदम एकटं सोडू नये.

२४ मार्च, सोमवार
यंत्राचं पत्र आलं. यंत्र फारच चोंबडं निघालं. त्याने गोळीचं नाव लिहिलंय, आणि गोळी यकृतात मोडल्यावर जो तुकडा उरतो त्याचंही नाव लिहिलंय, म्हणजे ही वरून कुणी टाकलेली नाही, माणसाच्या पोटातून गेली आहे, असा त्याचा अर्थ. दोष उन्हाचा नाही, कार्डाचा नाही, चीजचाही नाही. चौकशी ईदनंतर. पलीकडच्या काठावरचा एक तरणा रईस माझ्या लाँचवर आणलाय.

इन्साफने पत्र शेवटपर्यंत वाचलं. मी तिला सांगणार होतो की यंत्रंसुद्धा चुकतात. तिने पत्राची घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हणाली, गुरुवारी पलीकडे हॉस्पिटल उघडं असतं. नोकरी वाचायची तेव्हा वाचेल, तुम्ही तर चला.

मी म्हटलं विचार करतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती रडत होती, हे मला पाठीवरून कळलं.

२७ मार्च, गुरुवार
निघालो. तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून निघालो, असं सकाळी लिहिणार होतो. ते खरं नाही. मला एकट्याने पुन्हा ते दोन दिवस काढायची भीती वाटते.

रस्त्याच्या फाट्यावर मी मायक्रोबसच्या थांब्याकडे वळलो, कारण इन्साफ पलीकडे बहिणीकडे जाते ती नेहमी पुलावरून, सव्वा तासाचा वळसा घेऊन. खिडकीची हवा आवडते म्हणायची. ती धक्क्याकडे वळली. मी म्हटलं, अगं, तुझी बस इकडे.

ती थांबली. रस्त्यात माणसं होती, तिने आवाज चढवला नाही, नेहमीसारखी आमच्या मुलाच्या नावाने मला हाक मारली.

"हवा नाही आवडत मला, अबू हातिम. तीन वर्षं झाली. हातिमची पोरं सुट्टीला आली की त्यांनाही मी पुलावरूनच न्यायचे. तुम्ही सुकाणूवर असलात की मला पाण्याची भीती वाटायची."

मी सबब शोधली. सहा वर्षांत पहिल्यांदाच सापडली नाही. मला लाज वाटली, इतकी की तिच्या चपलांकडे बघत राहिलो.

"आता चालेल लाँच," ती म्हणाली.

दोन तिकिटं तिनेच काढली. नव्या पोराने लाँच सावकाश फिरवली. फतहल्लाने खालून हात केला. मी मागच्या बाकावर बसलो, उतारूंमध्ये. इन्साफ पुढे गेली, अगदी कठड्याशी जागा घेतली, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत पाण्याकडे बघत बसली.